हँडलमधला तो ‘खट्’ ऐकलात का?

कॉलेजची ॲडमिशन झाली, की बऱ्याच घरांत एक छोटासा सोहळा होतो. बाबा किंवा काका आपली जुनी बाईक अंगणात उभी करतात, किल्ली तुमच्या हातात ठेवतात आणि म्हणतात, ‘चौदा वर्षं झाली, एकदाही रस्त्यात दगा दिला नाही हिने. जपून चालव.’ तुम्ही मान डोलावता. डोक्यात मात्र वेगळाच प्लॅन शिजत असतो. नवीन सीट कव्हर, मोबाइल होल्डर, टाकीवर एखादं भारी स्टिकर आणि जमलंच तर एलईडी. फार तर ऑइल बदलायचं आणि प्लग साफ करायचा. किक मारली, गाडी सुरू झाली, मायलेजही बरं देतेय. मग काय, गाडी एकदम ओके!

थांबा जरा. इंजिन सुरू होणं म्हणजे गाडी ‘चालते’ एवढंच. तुम्ही वळवाल तिथे ती वळते का, खड्ड्यातून गेल्यावर चाक जमिनीला धरून राहतं का, ब्रेक दाबल्यावर सरळ थांबते का, हा सगळा वेगळाच विषय आहे. आणि तो विषय इंजिनमध्ये नसतोच. तो असतो हँडलखालच्या मूठभर छर्ऱ्यांमध्ये, शॉकअपमधल्या थोड्याशा तेलात आणि मागच्या चाकाजवळच्या दोन-चार बुशमध्ये. हे पार्ट बाहेरून दिसत नाहीत, आवाजही फारसा करत नाहीत आणि एकदम बंदही पडत नाहीत. ते फक्त झिजतात. रोज, थोडे थोडे.

पीयूसी काढली की झालं, असंही समजू नका. पीयूसी फक्त धुराचं सर्टिफिकेट आहे, हँडलचं नाही. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी संपतं. ते पुढे पाच वर्षांसाठी वाढवायचं असेल, तेव्हा आरटीओत तपासणी होते. त्याआधी हे पार्ट तपासायची सक्ती तुमच्यावर कुणी करत नाही. म्हणजे ते काम तुमचंच.

‘सवय होते गं’

माझी स्वतःची गोष्ट सांगते. सेकंड इयरला असताना मामाची शंभर सीसीची बाईक माझ्याकडे आली. वर्ग संपल्यावर रोज तिच्यावरून कोल्हापुरात भटकंती चालायची. एकदा मैत्रिणीने गाडी मागितली, रंकाळ्याला एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, ‘अगं, तुझं हँडल मध्येच अडकतं. विचित्र वाटतं चालवायला.’ मी हसून म्हटलं, ‘काही नाही गं, सवय होते.’

त्याच डिसेंबरात आम्ही दोघी त्या गाडीवरून रत्नागिरीला निघालो. आंबा घाटाचा उतार सुरू झाला आणि मला काहीतरी चुकतंय असं जाणवायला लागलं. डावं वळण घेताना गाडी माझं ऐकायला अर्धा क्षण उशीर करायची आणि मग एकदम वळायची. तिला सरळ करताना पुन्हा तेच. एका वळणावर मी रस्त्याच्या मधल्या रेषेपलीकडे गेले. समोरून एसटी येत होती. ड्रायव्हरदादांनी हॉर्न मारत गाडी दाबली म्हणून वाचलो. पुढचा सगळा घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये, दात-ओठ खात उतरले. मागे बसलेली मैत्रीण घाट संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

घाट उतरल्यावर साखरप्यात रस्त्याकडेला एक लहानसं गॅरेज दिसलं. तिथल्या काकांनी काही न विचारता गाडी डबल स्टँडवर घेतली. मैत्रिणीला मागून गाडी दाबायला सांगितली, त्यामुळे पुढचं चाक उचललं गेलं. मग मला म्हणाले, ‘पोरी, एका बोटाने हँडल फिरव.’ मी फिरवलं. बरोबर मधोमध आल्यावर हँडल ‘टक्’ करून बसलं. जणू तिथे खाचच होती.

‘ही खाच एका दिवसात पडली नाही,’ काका म्हणाले. ‘वर्ष-दीड वर्ष तू हिच्यावर बसतेस. तुला कळलं कसं नाही?’

मला कळलं होतं. मैत्रिणीने सांगितलंही होतं. पण मला ‘सवय’ झाली होती. जुन्या गाडीचा खरा धोका हाच आहे. पार्ट झिजायला महिने लागतात आणि आपले हात त्याच वेगाने त्या झिजेशी जुळवून घेतात. त्यामुळे पहिली गोष्ट लक्षात ठेवा: तुमची गाडी दुसऱ्या कुणी चालवली आणि ‘हँडल जड आहे’, ‘एका बाजूला ओढते’, ‘मागून हलते’ असं काही म्हटलं, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या हातांना अजून सवय झालेली नाही. तो खरं बोलतोय.

कोनसेट: वाट्या, छर्रे आणि मधली खाच

गाडीचं हँडल ज्यावर फिरतं त्याला गॅरेजच्या भाषेत ‘कोनसेट’ म्हणतात. चॅसीच्या पुढच्या नळीत वर एक आणि खाली एक अशा पोलादी वाट्या बसवलेल्या असतात. त्यांत ग्रीसमध्ये माखलेले छर्रे असतात आणि त्यांवर कोन. फोर्क धरून ठेवणारा ‘टी’ या छर्ऱ्यांवर फिरतो. काही गाड्यांत छर्ऱ्यांऐवजी तिरके रोलर असतात, पण काम तेच.

आता विचार करा, गाडी चालवताना हँडल बहुतेक वेळ कसं असतं? जवळपास सरळ. म्हणजे खड्ड्याचा, स्पीडब्रेकरचा प्रत्येक दणका छर्ऱ्यांमार्फत वाटीवर त्याच त्या ठिकाणी बसतो. खालच्या वाटीवर तर जास्तच, कारण पुढचा भार तीच पेलते. हजारो दणक्यांनंतर वाटीत छर्ऱ्यांच्या आकाराचे बारीक खळगे पडतात. त्यात पावसाचं पाणी शिरतं, ग्रीस निघून जातं, गंज चढतो. मग हँडल मधोमध आलं की छर्रे खळग्यांत जाऊन बसतात. तीच ती खाच.

यात एवढं घाबरण्यासारखं काय? दुचाकी सरळ चालते ती हँडल ताठ धरल्यामुळे नाही. उलट हँडल सतत अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या हालचाली करत गाडीचा तोल सावरत असतं. खाच पडलेलं हँडल या हालचाली करू देत नाही. म्हणून ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना गाडी दारू प्यायल्यासारखी डुलते आणि वळणावर आधी अडते, मग झटक्यात वळते.

याच्या उलट प्रकार म्हणजे कोनसेट ढिला होणं. मग पुढचा ब्रेक दाबला किंवा स्पीडब्रेकर उतरला, की हँडलखाली ‘खट्’ असा आवाज येतो. ठरावीक वेगाला हँडल थरथरायलाही लागतं. फक्त ढिला असेल आणि फिरायला गुळगुळीत असेल, तर नट नीट आवळून काम भागतं. पण खाच पडलेला कोनसेट ‘टाइट करून देतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. खळगे आवळून भरून येत नाहीत. हँडल आणखी जड होतं, एवढंच. तिथे नवीन सेटच टाकावा लागतो. तोही पूर्ण: वरच्या-खालच्या वाट्या, कोन आणि छर्रे. नवीन वाटीत जुने छर्रे हा जुगाड अजिबात चालणार नाही.

शॉकअप: स्प्रिंग उडवते, तेल आवरतं

‘शॉकअप बसलेत’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. पण शॉकअपमध्ये नेमकं काय बसतं? त्यात दोन गोष्टी असतात. स्प्रिंग गाडीचं आणि तुमचं वजन पेलते, खड्डा आला की दबते. पण नुसती स्प्रिंग असेल तर दबल्यावर ती बॉलसारखी उड्या मारत राहील. तिला आवरायचं काम तेल करतं. आतल्या बारीक भोकांतून तेलाला जोर लावून जावं लागतं, त्यात उडीची ताकद जिरते. तेल गळालं किंवा जुनं होऊन पातळ झालं, की स्प्रिंग मोकाट सुटते. चाक जमिनीवरून उडत राहतं आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळता येतं. म्हणजे शॉकअप हा फक्त कंबरेच्या आरामाचा मामला नाही.

पुढच्या शॉकअपची, म्हणजे फोर्कची खूण सोपी आहे. चकचकीत पाइपवर बोट फिरवा. तेलाचा ओला कडा लागला, तर ऑइल सील गेलं आहे. हे तेल ओघळत डिस्कवर किंवा पॅडवर पोचलं, तर ब्रेकच लागणार नाही. म्हणून हे काम ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं ढकलू नका. सील दोन्ही बाजूंची एकदम बदला. तेलही दोन्ही बाजूंना सारखंच भरायचं असतं. किती मिलिलिटर ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, अंदाजाने ओतायचं नाही. आणि एक महत्त्वाची गोष्ट: पाइपवर गंजाचे खड्डे पडले असतील, तर ते नवं सीलही थोड्याच दिवसांत फाडतात. ‘आत्ताच तर सील बदललं होतं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच खरखरीत पाइप असतो.

मागचे शॉकअप बहुतेक साध्या बाईकवर जोडीने असतात. एकच गेला असं वाटलं तरी जोडी बदला. एक नवा कडक आणि एक जुना मऊ असेल, तर गाडी वाकडीच दबते. स्प्रिंगखाली पायऱ्यापायऱ्यांची रिंग असते, तिने स्प्रिंग कडक-मऊ करता येते. रोज डबल सीट जात असाल तर ती वाढवा. पण दोन्ही बाजूंची पायरी सारखी ठेवा. आणि रिंग फिरवल्याने संपलेलं तेल परत येत नाही, हेही लक्षात असू द्या.

मागून कोण ढकलतंय?

वळणावर मागचं चाक ‘वेगळं चालतंय’ असं कधी वाटलंय? मागचं चाक ज्या लांब लोखंडी फाट्यात बसतं त्याला स्विंग आर्म म्हणतात, गॅरेजमध्ये ‘चिमटा’. तो पुढे एका बोल्टवर वर-खाली हलतो आणि तिथे बुश असतात. बुश झिजले की चिमटा वर-खाली हलता हलता डावी-उजवीकडेही डुलतो. मग चेन कितीही सरळ लावा, गाडी वळणावर शेपूट हलवतेच. अनेकदा लोक टायर बदलतात, चाकाची आऊट काढून घेतात आणि दोष मात्र या छोट्याशा बुशमध्ये असतो.

दुसरा संशयित म्हणजे व्हील बेअरिंग. चाक फिरवल्यावर घरघर ऐकू येते किंवा चाक आडवं हलतं. बेअरिंग घेताना एक गंमत माहीत असू द्या. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. समजा ६३०१ आहे, तर आतलं भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३७ आणि जाडी १२. हा नंबर जगभर एकच माप सांगतो, कंपनी कुठलीही असो. त्यामुळे ‘तुमच्या गाडीचं मिळत नाही’ असं ऐकलं, तर नंबर वाचून दाखवा.

स्कूटरवाल्यांनो, सुटलात असं समजू नका. स्कूटरलाही कोनसेट असतोच आणि लहान चाकांमुळे खड्ड्याचा दणका त्याला जास्त जाणवतो. बऱ्याच जुन्या स्कूटरच्या पुढच्या चाकाला फोर्कऐवजी लिंक असते, तिचे बुश झिजले की ब्रेक मारताना पुढून खडखड येते. मागे तर इंजिन आणि चाक एकत्रच चॅसीला टांगलेलं असतं. त्या जोडाची रबरं गेली, की अख्खं इंजिनच डुलायला लागतं.

गॅरेजमध्ये काय बघाल?

हे पार्ट स्वतः बदलायचे का? यूट्यूब बघून हात शिवशिवतात, मान्य. पण कोनसेटच्या वाट्या ठोकून काढाव्या आणि बसवाव्या लागतात, वाटी तिरकी बसली तर नवा सेटही वाया. फोर्कचा वरचा बोल्ट उघडताना खालची स्प्रिंग दाबलेली असते, तो उसळून तोंडावर येऊ शकतो. पहिल्यांदा तरी अनुभवी मिस्त्रीकडेच करा. मात्र गाडी टाकून निघून जाऊ नका. शेजारी उभे राहा. त्या दोन तासांत जे शिकाल ते वर्कशॉपच्या प्रॅक्टिकललाही मिळणार नाही.

कोनसेट बसवताना बघा: जुन्या वाट्या पुसून खळगे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नळी आतून साफ होते का, नव्या वाट्यांत भरपूर ग्रीस जातं का, छर्रे मोजून बसवले जातात का, यावर लक्ष ठेवा. मग नट घट्ट करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत काही वेळा फिरवायचं असतं, म्हणजे छर्रे नीट बसतात. त्यानंतर नट किंचित ढिला करून योग्य तेवढा आवळतात. शेवटची परीक्षा अगदी सोपी: पुढचं चाक उचललेलं असताना हँडल मधोमध धरा आणि हलकेच एका बाजूला ढकला. ते आपल्या वजनाने गुळगुळीत पडलं पाहिजे. आणि फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढला, तर जराही फट जाणवता कामा नये. नवे पार्ट बसायला थोडा वेळ घेतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा दाखवा.

पार्ट आणायला स्वतः जा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा तुमच्या गावातलं विश्वासाचं दुकान. जुना पार्ट सोबत न्या, मॉडेल आणि वर्ष सांगा, बिल घ्या. ‘तसाच आहे, फक्त लोकल आहे’ हे ऐकून सीट कव्हर घ्या हवं तर, कोनसेट नको.

खिसा तर विद्यार्थ्याचा, सगळं एकदम कसं होणार? मग क्रम लावा. ज्याने दिशा आणि ब्रेक बिघडतो ते आधी: कोनसेट, चाकाची बेअरिंग, गळणारी फोर्क सील. त्यानंतर चिमट्याचे बुश, मग मागचे शॉकअप. एलईडी आणि स्टिकर सगळ्यात शेवटी. आणि गाडी धुताना प्रेशरचा पाइप हँडलच्या मुळाशी किंवा चाकाच्या मध्यावर रोखून धरू नका, आतलं ग्रीस तिथूनच धुऊन जातं.

पाच मिनिटांची तपासणी

सोबत एक मित्र किंवा मैत्रीण हवी आणि जमीन सपाट हवी.

१. गाडी डबल स्टँडवर घ्या. मित्राला मागे दाबायला सांगा, पुढचं चाक उचलू द्या. एका बोटाने हँडल फिरवा. मधोमध अडलं, तर कोनसेट गेला.

२. तसंच फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. ‘खट्’ लागला, तर कोनसेट ढिला आहे.

३. पुढचं चाक वर-खाली धरून आडवं हलवा, मग फिरवा. फट किंवा घरघर असेल तर बेअरिंग बघा.

४. आता मागचं चाक उचललेलं ठेवून तेही आडवं हलवा. नुसतं चाक हललं तर बेअरिंग, चाकासकट चिमटा हलला तर बुश.

५. फोर्कच्या पाइपवर बोट फिरवा. तेल लागलं, तर सील गेलं.

६. गाडी स्टँडवरून उतरवा. मागची सीट जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. डुलत राहिली, तर शॉकअप संपलेत.

साखरप्याच्या त्या काकांकडे माझ्या गाडीचा कोनसेट नव्हता. त्यांनी खाच पडलेल्या हँडलनिशी मला पुढे जाऊ दिलं नाही. गाडी तिथेच ठेवून आम्ही एसटीने रत्नागिरीला गेलो, पार्ट घेऊन दुसऱ्या दिवशी परत आलो. बिल झालं ते आमच्या ट्रिपच्या जेवणाच्या खर्चापेक्षा कमी होतं. निघताना मी पहिलं वळण घेतलं आणि गाडी एवढी हलकेच वळली, की मीच दचकले. वर्षभर आपण कशाशी झटापट करत होतो, ते तेव्हा कळलं.

पुढे मामा घरी आला तेव्हा त्याने गाडीवर एक चक्कर मारली. परत येऊन म्हणाला, ‘काय गं, इंजिनचं काम केलंस का? केवढी हलकी झालीय गाडी!’ इंजिनला मी हातही लावला नव्हता. चौदा वर्षं त्यालाही सवयच झाली होती.

आज संध्याकाळी पार्किंगमध्ये पाच मिनिटं काढा. एका बोटाने हँडल फिरवून बघा.